चिमुकला सेंच्युरियन

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारी माणसे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, तर कोणी पितळी अडकित्ते आणि पानाचे डबे. या छंदांना प्रतिष्ठा आहे, कारण त्यांत इतिहास आहे हे सर्वांस मान्य असते. परंतु साठी उलटलेला गृहस्थ लहान मुलांची खेळणी जमवितो असे कळले, की ऐकणाराच्या ओठांवर हसू उमटते. हे हसू आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. आमच्या कपाटात काचेआड, मानाच्या जागी, एक हिरवट रंगाचा रणगाडा उभा आहे. त्याची लांबी वीतभरही नाही. पाहुणे विचारतात, ‘हे नातवाचे का?’ आम्ही सांगतो, ‘नाही, आमचे.’ मग त्याची हकिकत सांगावी लागते. ती येथे विस्ताराने सांगतो.

हा रणगाडा म्हणजे ‘डिंकी टॉइज’ या प्रसिद्ध मालिकेतील ६५१ क्रमांकाचा सेंच्युरियन. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी, बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. तिचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचे आणि स्क्रू-बोल्टांचे बांधणीचे खेळणे शोधून काढले. तेच पुढे ‘मेकॅनो’ नावाने घरोघर पोहोचले. त्यांच्या खेळण्यातील आगगाडीस शोभतील अशी सहा छोटी वाहने डिसेंबर १९३३ मध्ये बाजारात आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मोटारी, मालमोटार आणि ट्रॅक्टर यांच्या जोडीने त्या पहिल्या सहांत एक रणगाडाही होता. पुढल्याच वर्षी या मालिकेस ‘डिंकी’ हे नाव मिळाले.

ही वाहने जस्ताच्या मिश्रधातूची असत. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात घालून ती घडवीत; त्यामुळे बारीकसारीक रेषाही स्पष्ट उमटत. आमचा सेंच्युरियन १९५४ साली निघाला आणि पुढे सुमारे पंधरा वर्षे विकला जात राहिला. त्याचा बुरूज चहूबाजूंस फिरतो, आणि रबरी पट्ट्यांवर तो सतरंजीच्या सुरकुत्या खऱ्या रणगाड्याच्या ऐटीत ओलांडतो.

खरा सेंच्युरियन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झाला. मे १९४५ मध्ये त्याचे पहिले नमुने युरोपात पोहोचले तेव्हा तेथील लढाई संपलेली होती. चार माणसांनी चालविण्याचा, पन्नास टनांहून अधिक वजनाचा हा गाडा पुढे कोरियाच्या युद्धात नावारूपास आला. त्याचे इंजिन रोल्स-रॉइसचे ‘मीटिऑर’. विमानाच्या प्रख्यात ‘मर्लिन’ इंजिनापासूनच ते बनविलेले होते. भारतीय सेनेनेही हे रणगाडे घेतले.

आमच्या हाती हे खेळणे आले ते १९६४ साली, बडोद्यास. थोरले काका मुंबईस नोकरीला असत. दिवाळीला येताना त्यांनी ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोक्यातून आणले. परदेशी मालाच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते, त्यामुळे अशा वस्तूचे आळीत मोठे अप्रूप. अंगणात मातीचा किल्ला उभा होताच. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, उतारावर अळीव उगवलेले, आणि पायथ्याशी महादरवाज्याच्या रक्षणास विलायती रणगाडा! कालगणनेची ही गल्लत कोणास खटकली नाही. ‘महाराजांच्या पदरी असा एखादा असता तर औरंगजेब दक्षिणेत उतरलाच नसता,’ असा निर्वाळा आजीने दिला आणि वाद मिटला.

पुढल्या वर्षी, सप्टेंबर १९६५ मध्ये, युद्ध पेटले. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, सायंकाळनंतर आळी अंधारात बुडू लागली आणि वडीलमंडळी रेडिओभोवती बसू लागली. बातम्यांत एके दिवशी ‘सेंच्युरियन’ हा शब्द आला आणि आम्ही उडालोच. आमच्या फडताळात जो उभा होता तोच पंजाबच्या आणि सियालकोटच्या आघाडीवर लढत होता! असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांची मोठी फळी मोडली गेली, तीत सेंच्युरियनांचाही वाटा होता. ११ सप्टेंबरला फिलोऱ्याच्या लढाईत ‘पूना हॉर्स’ या पलटणीने नाव मिळविले. तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर करीत होते. मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले हे पारशी अधिकारी प्रथम निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या सेनेत होते. जखमी होऊनही त्यांनी आघाडी सोडली नाही. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

आम्हां मुलांस या साऱ्यात केवळ थरार दिसत होता. शेजारच्या वाड्यातील एक तरुण लष्करात होता आणि त्याचे पत्र येईनासे झाले होते, याचा अर्थ आम्हांस कळत नव्हता. युद्धविराम झाला आणि पुढे थोड्याच दिवसांनी खंडेनवमी आली. विळी, शिवणयंत्र, वडिलांचे टाकलेखणीचे साहित्य यांच्या रांगेत आम्ही आमचा रणगाडाही पूजेस मांडला. आईने त्याला हळदकुंकू लावले, वर झेंडूचे फूल ठेवले आणि म्हणाली, ‘यात बसणाऱ्याचीही आई कुठेतरी वाट पाहत असेल रे.’ त्या तरुणाचे पत्र त्यानंतर आठवडाभराने आले. त्या दिवशी दोन्ही वाड्यांत साखर वाटली.

पुढे आमची शाळा संपली, वाड्याची वाटणी झाली, सामान चार ठिकाणी गेले आणि तेवढ्यात तो रणगाडाही नाहीसा झाला. बिन्स रोडचा कारखानाही नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद पडला. त्याआधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, डिंकीचे काही जुने साचे भारतात आले होते आणि कलकत्त्यात ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघू लागल्या होत्या. तळावरील नावात फेरफार करून विकलेल्या या देशी गाड्यांना आज परदेशी संग्राहक मागणी करतात.

निवृत्तीनंतर मुंबईच्या चोरबाजारात, जुन्या कुलपांच्या आणि पंख्यांच्या ढिगात, आम्हांस दुसरा सेंच्युरियन दिसला. रंगाचे टवके उडालेले, एक पट्टा तुटलेला, दुसरा कडक होऊन चिरलेला. महिन्याच्या किराण्याइतकी किंमत देऊन तो घरी आणला. पुसून उलटा केला तेव्हा तळावर खिळ्याने कोरलेली दोन गुजराती अक्षरे दिसली. कोणा मुलाने आपल्या नावाची खूण केली असावी.

येथेच संग्राहकापुढे खरा पेच उभा राहतो. परिचित कारागिरांचा सल्ला होता, की जुना रंग खरवडून नवा द्यावा. गाडा कोरा दिसेल. जाणते संग्राहक मात्र सांगतात, की मूळ रंग गेला की वस्तूचे मोल निम्म्याहूनही घटते. पैशाचा प्रश्न आम्ही बाजूस ठेवला. रंग दिला असता तर ती दोन अक्षरे बुजली असती, आणि ज्या टोकांवरचा रंग कोणा मुलाच्या बोटांनी झिजला त्या झिजेवरही लेप बसला असता. आमचा रणगाडा गेला तो गेलाच. हा दुसऱ्याचा आहे आणि आम्ही त्याचे केवळ राखणदार आहोत, असे मनाशी ठरविले. रबर कालांतराने मरतेच, म्हणून फक्त पट्टे नवे बसविले. जुने पट्टे एका डबीत जपून ठेवले आहेत.

ज्यांच्या घरी अशी खेळणी आहेत त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ कुंचल्याने धूळ काढावी, लगेच कोरडे करावे. चिंच किंवा लिंबू कदापि लावू नये, ते पितळेला ठीक, जस्ताला नव्हे. उन्हात आणि ओलसर भिंतीशी ठेवू नये. युद्धपूर्व काळातील काही खेळण्यांच्या धातूत शिशाची भेसळ राहून गेली होती. ती आतून तडकतात, फुगतात आणि अखेर भुगा होतात. त्यास उपाय नाही, म्हणून विकत घेताना बारीक भेगा आहेत का ते पाहावे. आणि खोके असल्यास टाकू नये, फाटके असले तरी.

मागे नातवास घेऊन नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. लष्कराने १९९४ साली उघडलेले हे संग्रहालय प्रत्येक मराठी कुटुंबाने पाहावे असे आहे. तेथे खऱ्या सेंच्युरियनपुढे उभे राहिल्यावर त्याचे पोलाद डोक्यापेक्षा उंच जाते. नातवास आम्ही सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची हकिकत सांगितली. पुण्यात जन्मलेला, याच पूना हॉर्सचा हा अवघ्या एकवीस वर्षांचा अधिकारी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला सेंच्युरियन न सोडता लढला आणि धारातीर्थी पडला. त्यालाही परमवीरचक्र मिळाले. नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘आजोबा, आत बसायला जागा किती असते?’ आम्ही म्हटले, ‘चौघांपुरती.’

कपाटाला कुलूप नाही. नातवास हवा तेव्हा तो गाडा खेळावयास मिळतो, आणि एखादा टवका आणखी उडाला तर आमची तक्रार नाही. खेळणे खेळण्यासाठीच असते. अट एकच: आत चार माणसे बसतात हे लक्षात ठेवूनच तो चालवायचा.

वाचकहो, दिवाळीपूर्वी माळा झाडाल, तेव्हा भंगारवाल्याच्या पोत्यात काही टाकण्याआधी ते उलटे करून तळ पाहा. खेळणे कोणाचे, कोणी आणले, कोणत्या साली, एवढे एका चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. आमच्या त्या दोन गुजराती अक्षरांचा धनी कोण, हे आम्हांस कधीच कळणार नाही. तुमच्या नातवंडांवर ती वेळ येऊ नये.