जुनी मासेमारी बोट घेताना ब्रँडची तुलना
नेदरलँड्समध्ये गळाने पाईक आणि झँडर हे मासे धरणारे हौशी मासेमार होलांड्स दीपसारख्या विस्तीर्ण पाण्यात वेगवान बोटी वापरतात. जुन्या बोटींची तुलना सांगाड्यापासून करावी. अमेरिकेची रेंजर मुख्यतः फायबरग्लासची. तिच्यावरचे फोड, तडे आणि इंजिन बसवलेल्या मागच्या भागात मुरलेला ओलावा तपासावा. स्वीडनची लिंडर, फिनलंडची बस्टर व अमेरिकेची लुंड मुख्यतः ॲल्युमिनियमच्या. त्यांचे सांधे व गंज पाहावा. डच व्हेली पॉलिइथिलीनची असते. जून १९९८ नंतर युरोपीय बाजारात प्रथम आलेल्या बोटीवर युरोपीय मानकांशी अनुरूपता दाखवणारी सीई खूण हवी. ताशी २० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकणाऱ्या बोटीची नेदरलँड्समध्ये आरडीडब्ल्यू या वाहन नोंदणी संस्थेकडे नोंदणी आणि चालकाकडे परवाना आवश्यक असतो. सुटे भाग जवळपास मिळणारा ब्रँड निवडणे सोयीचे ठरते.