गोडाऊनचं पाणी आणि शेजारचं खाचर

गेल्या जुलैतली गोष्ट. अंजूरफाट्याच्या बाजूला एका गावात भाताची पाहणी करायला गेलो होतो. रात्रभर पाऊस कोसळलेला. एक वयस्कर शेतकरी बांधावर उभे होते. म्हणाले, "साहेब, पाऊस काय मला नवा नाय. पण हे पाणी माझ्या शेतात पडलेलं नाय, शेजारून आलंय." शेजारी गोडाऊन. खाचरापेक्षा पुरुषभर उंच भराव, वर सगळं आवार काँक्रीटचं. पत्र्यावरचं नि आवारातलं पाणी एका मोरीतून थेट यांच्या खाचरात सुटलेलं. बांध दोन ठिकाणी फुटला होता. चार दिवसांपूर्वी लावलेली रोपं उपटून एका कोपऱ्यात गोळा झाली होती.

भिवंडी तालुक्यात ही तक्रार आता प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येते. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात खाचरं भरून गोदामं उभी राहिली. त्यात कुणी पाप केलं असं मी म्हणत नाही. भातशेती परवडेना, जमिनीला भाव आला, लोकांनी जमिनी दिल्या. पण पाण्याचा हिशेब कुणी मांडला नाही, तो आज मांडू.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी झालं, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला ४० टँकर. आपल्याकडे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती.

खाचर असताना हे ४० टँकर जात कुठे होते? कुठेच नाही, बराचसा भाग तिथंच थांबत होता. बांध पाण्याच्या वर १५ सेंटीमीटर मोकळा असला तर गुंठ्यामागे १५ हजार लिटर पाणी खाचर धरून ठेवतं आणि हळूहळू खालच्या खाचराला देतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांध घातले ते भातासाठी, पण कामवारी नदी नि खाडीवरचा भारही त्यांनी आपोआप हलका केला. काँक्रीटच्या आवारावरून तेच पाणी काही मिनिटांत निघतं. त्यात खाडीला भरती असली तर पुढे जायला वाटच नाही. मग जे खाचर सखल, ते तळं.

आता मूळ विषयाकडे येतो. पाणी खाली मुरू देणारं काँक्रीट असतं, हे पुष्कळांना ठाऊक नाही. इंजिनिअर लोक त्याला पर्व्हियस काँक्रीट म्हणतात, आपण सच्छिद्र काँक्रीट म्हणू. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९७० च्या दशकापासून ते गाड्या उभ्या करायच्या जागांवर वापरलं गेलं. यात रेती जवळजवळ घालतच नाहीत. १० मिलिमीटरची एकसारखी खडी, सिमेंट आणि मोजकं पाणी. खडीच्या दाण्यांना सिमेंटचा लेप बसतो, दाणे एकमेकांना चिकटतात, मधली पोकळी तशीच राहते. शेंगदाण्याच्या चिक्कीत पाक कमी पडावा, तसं ते दिसतं. शेकडा १५ ते २५ भाग पोकळ असतो. नव्या कामावर चौरस मीटरला मिनिटाला शंभरावर लिटर पाणी ओतलं तरी वर साचत नाही.

पण खरं काम करतो तो खालचा खडीचा थर. वर १५ सेंटीमीटर काँक्रीट आणि खाली ३० सेंटीमीटर स्वच्छ मोठी खडी धरली, तर दोन्हींच्या पोकळीत मिळून साधारण १५० मिलिमीटर पाऊस मावतो. बघा, खाचराचा १५ सेंटीमीटर मोकळा बांध जेवढं धरत होता, तेवढंच हे. फरक इतकाच की खाचर फुकटात धरत होतं!

मावलेलं पाणी पुढे मुरलं मात्र पाहिजे. इथं आपली जमीन आडवी येते. वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या खाचराच्या मातीतून पाणी झटकन उतरत नाही. त्यावर मुरमाचा भराव टाकून रोलर फिरवला की आणखी कठीण. म्हणून आधी हातभर खड्डा खणा, पाण्याने भरा, तासाभराने किती उतरलं ते मोजा. खाडीलगत भर पावसाळ्यात खड्डा आपलाआपणच भरत असेल, तर तिथं मुरण्याची आशा धरू नका. जागा थोडी उंच असेल आणि पाणी नुसतंच हळू मुरत असेल, तर खडीच्या थरात भोकांचा पाइप टाकून पाणी सावकाश नाल्याला द्यायचं. मुरलं नाही तरी उशिराने गेलं, एवढ्यानेही शेजारचा बांध वाचतो.

दुसरी अडचण वजनाची. नेहमीच्या काँक्रीटपेक्षा हे कमजोर. कंटेनर नि ट्रक जिथं वळतात तिथं ते घालू नये, दाणे सुटतील. मोटारसायकली, रिक्षा, लहान गाड्या उभ्या करायची जागा, पायवाट, शाळेचं पटांगण, देवळापुढचं आवार इथं ते शोभतं. रसायनांची गोदामं आणि तेल सांडणारी गॅरेजं असतील तिथं तर अजिबात नको. पाण्याबरोबर तेही मुरेल आणि शेजारच्या विहिरीत उतरेल.

तिसरी गोष्ट, भोकं बुजणं. भिवंडीत मागांचा सुताचा भुरा, टायरांची माती, रस्त्याची धूळ भरपूर. पावसाळ्याआधी नि नंतर जोराच्या पाण्याने किंवा हवा ओढणाऱ्या यंत्राने सफाई हवीच. त्यावर रेतीचा ढीग टाकायचा नाही, शेणसडा घालायचा नाही, आणि भात झोडायला खळं म्हणून तर मुळीच वापरायचं नाही, भुशाने दोन दिवसांत बंद होईल. सफाई कोण करणार हे आधी ठरत नसेल, तर या कामात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गवंड्यालाही समजावून सांगावं लागतं. पाणी सिमेंटच्या एका गोणीला १५ ते १७ लिटरच. माल मुठीत दाबला तर लाडवासारखा वळावा, पाणी गळू नये आणि कोरडा होऊन फुटूही नये. आणि थापीने घोटायचं नाही! आपल्या गवंड्यांचा हात घोटल्याशिवाय राहत नाही, तिथंच निम्मी भोकं बुजतात. वरून हलका रोलर फिरवायचा, लगेच प्लास्टिक अंथरायचं, ते सात दिवस काढायचं नाही.

राहिला पत्र्याचा प्रश्न. दहा गुंठ्यांच्या पत्र्यावरून १०० मिलिमीटर पावसात एक लाख लिटर पाणी येतं. दोन-तीन गुंठे सच्छिद्र काँक्रीट घालून ते सगळं पेलणार नाही. त्याला पन्हळ, टाकी नाहीतर शोषखड्डा वेगळा लागतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्याची सोय सांगितलेली आहे. गोडाऊनच्या नकाशात ती सोय कुठं आहे आणि पाणी कुणाच्या शेतात सुटतं, हे ग्रामसभेत विचारायला शेतकऱ्यांनी लाजू नये. भराव पडण्याआधी विचारलं तर मोरीची दिशा बदलता येते. नंतर नुसती भांडणं.

त्या काकांनी शेजारच्या वाडीतून आवण मागून आणलं नि पुन्हा लावणी केली. सहा माणसांची मजुरी दुसऱ्यांदा गेली. यंदा त्यांच्या शाळेच्या पटांगणाचं काँक्रीट व्हायचं आहे, तीन गुंठे जागा, उतार त्यांच्याच खाचराकडे. एस्टिमेट पक्कं होण्याआधी खड्डा खणून बघू असं सरपंचांशी बोलणं झालंय. कुदळ काका आणणार आहेत.