टंचाईच्या आधीची परसबाग

मैत्रिणींनो, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि एक हिशोब करून पाहा. उद्यापासून भाजीवाली दारावर येणार नाही आणि मंडईही उघडणार नाही असं ठरलं, तर तुमच्या घरातली भाजी किती दिवस पुरेल? गहू-ज्वारी महिन्याची असेल, डाळी असतील, पापड-कुरडया आणि लोणच्याची बरणीही असेल. पण हिरवी भाजी? फार तर तीन दिवसांची. फ्रिज मोठा असेल तर पाच.

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तो २५ मार्च २०२० ला. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आठवडी बाजार बंद, हातगाड्या बंद. मला पाचवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "गोळ्या चालू ठेवा आणि पालेभाजी रोज पोटात जाऊ द्या." गोळ्या होत्या, पालेभाजी नव्हती. खिचडी, पिठलं, वरण आणि पुन्हा खिचडी असं आमचं चाललं होतं. थोरली तीन वर्षांची होती. तिनं एकदा ताट सरकवून दिलं, तेव्हा मला तिला रागवायचंही धाडस झालं नाही.

मग मी काय केलं असेल? तुम्हीही तेच केलं असतंत. गच्चीवर चढले, दोन फुटक्या बादल्या आणि एक टब गोळा केला, शेजारच्या अर्धवट बांधकामावरची माती भरली आणि डब्यातली मेथी नि धने पेरून टाकले. बी.ए.ला माझा विषय अर्थशास्त्र, आणि आता आठवड्यातून चार दिवस शाळेत शिकवते ती भाषा. शेतीशी संबंध काय तो सणाला माहेरच्या शेतावर गेल्याचा. मेथी चौथ्या दिवशी उगवली आणि आठव्या दिवशी आमच्याकडच्या चैत्राच्या उन्हात करपली. धने तर उगवलेच नाहीत. माती पाण्यानं आधी चिखल झाली, मग विटेसारखी घट्ट झाली नि तिला भेगा पडल्या.

सासूबाई हे सगळं पाहत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं. शेवटी संध्याकाळी मागच्या बोळात गेल्या आणि तिथं कुणीच न लावलेल्या शेवग्याचा पदरभर पाला घेऊन आल्या. "अगं, तहान लागल्यावर विहीर खणून कशी भागेल? आता हे खा. पेरायचं ते पुढल्या खेपेसाठी पेर." तो पाला लसूण-मिरचीवर परतला, वर लिंबू पिळलं. त्या उन्हाळ्यात दिवसाआड आम्ही तेच खाल्लं.

'पुढल्या खेपेसाठी' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, आणि त्यासाठीच मी आज हे लिहिते आहे. टंचाईत पेरून टंचाई भागत नाही. हे गणित अगदी सरळ आहे. मेथीला आणि माठाला २५ ते ३० दिवस लागतात, पालकाला पहिल्या कापणीपर्यंत ३५ ते ४०. भेंडी-गवार सात-आठ आठवड्यांशिवाय ताटात येत नाही. वांगी, टोमॅटो, मिरची यांचं आधी रोप करायचं म्हणजे महिना जातो, आणि लावल्यावर आणखी दोन महिने. कढीपत्ता वर्षभर तरी नुसता पाहायचा. भाव चढल्यावर बी आणलं, तर पीक हाती येईतो भाव उतरलेलेही असतात!

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सरकारनं लोकांना अंगण-बागा खणून भाजी लावायला सांगितलं ते ऑक्टोबर १९३९ मध्ये, आणि तिथं शिधापत्रिकेवर लोणी-साखर मिळू लागली जानेवारी १९४० मध्ये. म्हणजे कुदळ आधी आली, शिधापत्रिका नंतर. आपल्याकडे १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं आणि स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला, पण तोवर धान्याची ओढाताण सुरू झालेली होती.

आता गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. गच्चीवर घराचं पोट भरत नाही. कोरडवाहू ज्वारी एकरी चार क्विंटल धरली, तर शंभर चौरस फुटांत किलोभरही हाती लागत नाही. चार माणसांच्या घरात ती एक-दोन दिवसांत संपेल. धान्य आणि डाळ साठवायचीच वस्तू आहे, ती आपण साठवतोही. लावायचं ते जे साठवता येत नाही आणि जे आधी महागतं ते : पालेभाज्या, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, दोन-चार शेंगभाज्या. एवढं घरचं असलं की उरलेल्या वरण-भाकरीला चव येते आणि मुलं जेवतात.

सुरुवात बियांपासून करू नका. मी केली, फसले. सुरुवात मातीपासून करा, आणि ती आजच करा, कारण तिलाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो. एखादं मोठं पोतं किंवा भोकं पाडलेला ड्रम घ्या. त्यात तीन भाग वाळका पालापाचोळा आणि एक भाग भाजीची देठं-सालं असे थर देत जा, मधून मधून शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा. ओलावा मात्र पिळलेल्या फडक्याइतकाच हवा. आठ दिवसांनी खालीवर करत राहिलं तर अडीच-तीन महिन्यांत चहाच्या चोथ्यासारखं काळं, मातीचा वास येणारं खत तयार होतं. आमच्याकडे रसवंत्या भरपूर, त्यामुळे उसाचं चिपाड फुकट मिळतं. ते वाळवून, तोडून घातलं की माती हलकी राहते.

हलकी का, ते सांगायला हवं. ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. गच्चीवर नुसती काळी माती चढवली, तर भाजी राहील बाजूला, खालच्या खोलीचं छत गळायला लागेल. म्हणून एक भाग माती, एक भाग खत आणि एक भाग चिपाड किंवा नारळाचा भुसा असं मिश्रण करा आणि डबे मध्यभागी न मांडता भिंतीच्या कडेनं, विटांवर मांडा. भाड्याचं घर असेल तर मालकीणबाईंना आधी विचारा. पहिली जुडी त्यांच्याकडे पोचवली की पुढं अडचण येत नाही, असा माझा अनुभव आहे.

डबे विकत आणू नका बरं का. पंधरा किलोचे तेलाचे डबे, फळांची क्रेट, तांदळाची पोती, सगळं चालतं. रंगाचे किंवा औषधांचे डबे मात्र नकोत. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला फूटभर हवी. ऊन कुठं किती वेळ येतं ते एक दिवस तासातासानं पाहून ठेवा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, ते गणिताचे प्राध्यापक होते. उन्हाचा आणि पानांचा हिशोब मांडून ते लोकांना थोड्या जागेतली बाग शिकवत. आपल्याला तेवढं गणित नको, पण फळभाजीला पाच-सहा तासांचं ऊन लागतं आणि पालेभाजी तीन-चार तासांत भागवते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि एकदम सगळं पेरू नका. मी दुसऱ्या वर्षी चार क्रेट मेथी एकाच दिवशी पेरली आणि मग आठवडाभर घरात मेथीचे पराठे, मेथीची भाजी, मेथीची आमटी! ह्यांनी हात जोडले. आता दर आठ दिवसांनी एकच क्रेट पेरते. दोन फूट बाय दीड फुटाच्या क्रेटमध्ये आम्हा पाच जणांची एका वेळची भाजी निघते. चार क्रेट फिरते ठेवले की महिन्यानंतर दर आठवड्याला एक तयार असतो. मेथी, कोथिंबीर, पालक ही थंडीची मंडळी. उन्हाळ्यात त्यांच्या मागं लागू नका. तेव्हा लाल माठ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, चवळी यांना जागा द्या. घोळ तर न लावता येते आणि आपण तिला तण म्हणून उपटून टाकतो!

पाण्याचं काय, असं तुम्ही विचारणार. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळे हा प्रश्न मलाही चुकलेला नाही. दहा डब्यांना कडक उन्हाळ्यात रोज एक बादली लागते. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी मी एका बादलीत धरते, ते निम्म्याला पुरतं. साबणाचं पाणी घालत नाही. मातीवर चिपाडाचा किंवा पाल्याचा दोन बोटं थर अंथरला की ओल टिकते. एप्रिल-मेमध्ये मी सरळ निम्मे डबे बंद ठेवते आणि जुन्या पांढऱ्या साडीची सावली करते. उगाच सगळं जगवायच्या नादात पिण्याच्या पाण्याला हात घालायचा नाही, असं घरात ठरलेलं आहे.

आता बियांबद्दल. इथं मला सासूबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोची भाकर आणि कामावर वाटतात ती सुकडी, एवढंच खाणं. पण उतरंडीच्या तळाला एका गाडग्यात राख मिसळून आदल्या सुगीची दोन पायल्या ज्वारी होती, तोंड शेणानं लिंपलेली. बियाण्याची. धाकटा भाऊ रडायचा, त्याला ठाऊक होतं गाडग्यात काय आहे ते. एका रात्री आईनं ते गाडगं खाली काढलं, मांडीवर घेऊन बसली आणि पुन्हा होतं तिथं ठेवून दिलं. सासूबाई जाग्या होत्या. पुढल्या वर्षी पाऊस झाला, तेव्हा आळीतल्या कितीतरी घरांना बी उसनं मागायची वेळ आली. यांच्या रानात घरच्या बियांची पेरणी झाली. "आई तेव्हा काही बोलली नाही," सासूबाई म्हणतात, "पण भाऊ मोठा झाला तरी तिनं त्याला कधी उपाशी झोपू दिलं नाही."

हे त्यांनी मला सांगितलं ते टाळेबंदीत, शेवग्याचा पाला निवडता निवडता. त्यानंतर मी बी विकत आणणं हळूहळू कमी केलं. संकरित बियांच्या पाकिटातून आलेल्या फळाचं बी धरलं तर पुढलं झाड तसंच येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्यांदा देशी किंवा सुधारित वाण आणा. मग जे झाड सर्वांत निरोगी, त्याच्या पहिल्या चांगल्या शेंगा खायच्या नाहीत, झाडावरच वाळू द्यायच्या. आपण नेमकं उलटं करतो. खाऊन उरलेलं, किडकं ते बियाण्याला! चवळी, घेवडा, मेथी, टोमॅटो यांचं बी धरणं सोपं. टोमॅटोचा गर दोन दिवस वाटीत आंबवून धुवायचा आणि बिया सावलीत वाळवायच्या. दोडका-भोपळ्याच्या जाती शेजारी शेजारी असल्या तर मिसळतात. कांद्याचं बी वर्षाच्या वर ठेवू नका, उगवत नाही. वाळलेलं बी राखेत घालून काचेच्या बाटलीत ठेवा आणि वर नाव, महिना, साल लिहा. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पाहा. सातांना मोड आले तर बी चांगलं, चारच आले तर दुप्पट पेरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच घरच्या देशी बियांसाठी.

सगळं जमतं असं मात्र समजू नका. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कित्येक शहरांत शंभरावर गेला, काही ठिकाणी दोनशेला टेकला, तेव्हा माझ्या गच्चीवर एकही टोमॅटो नव्हता. रोपं पावसात सडली होती. महिनाभर आमटीला चिंच आणि आमसूल घातलं, कुणाचं काही अडलं नाही. मावा पडतो, त्यावर सकाळी राख उडवते. वानरांवर मात्र मला उपाय सापडलेला नाही. एकदा टोळी आली आणि दीड महिन्याची चवळी पाच मिनिटांत संपवून गेली. तेव्हापासून निम्मे डबे मागच्या जाळीच्या व्हरांड्यात असतात.

गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून दिले नाहीत. भेंडी, गवार आणि चवळीच्या बियांच्या कागदी पुड्या दिल्या, कारण जानेवारीअखेर पेरलं की ऐन उन्हाळ्यात भाजी हाताशी येते. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, ते मला दिसलं. पण एप्रिलमध्ये त्यांतलीच एकजण ताज्या गवारीची ओंजळ घेऊन दारात उभी होती, आणि दुसरीनं तिच्या माहेरच्या अंबाडीचं बी आणून दिलं. ते मी मृगात पेरलं. सासूबाईंनी त्यातली दोन झाडं दोऱ्यानं खुणेची करून ठेवली आहेत. त्यांना हात लावायचा नाही, असं धाकट्यालाही बजावलं आहे.