क्वेरी लॉग : किती लिहायचे, किती जपायचे?

• वेग : मायएसक्यूएलचा जनरल लॉग सर्व्हरकडे आलेली प्रत्येक क्वेरी नोंदवतो. वर्दळीच्या सर्व्हरवर त्यामुळे डिस्क भरते, काम मंदावते. म्हणूनच तो मुळात बंद असतो.

• मधला मार्ग : स्लो क्वेरी लॉग फक्त रेंगाळलेल्या क्वेरी टिपतो. मूळ मर्यादा १० सेकंदांची; ती कमी करता येते.

• धोका : डेटाबेसचा नवा यूजर तयार करतानाचा पासवर्ड मायएसक्यूएल लॉगमध्ये झाकतो. पण क्वेरीतून आलेला ग्राहकाचा फोन नंबर किंवा रुग्णाचा आजार जसाच्या तसा उतरतो.

• नियम : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतातील कंपन्यांना संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावे लागतात.

लॉग फाइललाही डेटाबेसइतकीच कडक सुरक्षा द्या.