तरत्या बिंदूचा हिशेब

संगणकावरचे खेळ हा विषय या व्यासपीठावर कशाला, असे काही मंडळींना वाटेल. मुले खेळतात आणि डोळे बिघडवून घेतात, एवढीच या खेळांची ओळख घरोघर असते. आम्ही कामगार चळवळीत वाढलेले. गणिताची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु पगारपत्रके, हजेरीपट आणि भविष्यनिर्वाह निधीची खाती तपासण्यात आमची उमर गेली, आणि हिशेबात तुटलेला पैसा नेमका कोठे जातो हे पाहण्याची खोड जडली. त्या खोडीपायीच खेळ लिहिणाऱ्या तरुणांच्या कामात आम्ही डोकावलो. त्यांच्या यंत्रातही हिशेब तुटतो. तो कसा तुटतो आणि ते लोक तो कसा सांभाळतात, हे कळले तर यंत्राने केलेला कोणताही हिशेब तपासण्याची दृष्टी येते. म्हणून हा खटाटोप.

प्रथम गेम इंजिन म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर घोडा धावतो, चेंडू भिंतीवर आपटतो, दिवा लावला की सावली पडते. हे सारे घडवून आणणारा पायाभूत आज्ञासंच म्हणजे इंजिन. कोणती वस्तू कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, कोणावर आदळली, याचा हिशेब ते सामान्यतः सेकंदाला साठ वेळा नव्याने करते. यंत्राच्या लेखी तेथे घोडाही नाही आणि भिंतही नाही. आहेत त्या केवळ संख्या.

आता संख्या कागदावर लिहायच्या तर जागेची मर्यादा नाही; एकावर सात शून्ये द्या, नाहीतर दशांशचिन्हापुढे शंभर अंक लिहा. यंत्राला ही चैन नाही. त्याने एका संख्येसाठी बहुधा बत्तीस घरे राखलेली असतात, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच बसते. बत्तीस घरांच्या सगळ्या मांडण्या मोजल्या तर ४,२९,४९,६७,२९६ होतात. संख्या मात्र अनंत आहेत. शून्य आणि एक यांच्या दरम्यानच अनंत आहेत. तेव्हा बहुतेक संख्यांना स्वतःचे घर मिळतच नाही. त्यांना जवळच्या शेजाऱ्याच्या घरी राहावे लागते. पुढची सगळी कथा या घरटंचाईची आहे.

ही घरे वाटण्याच्या दोन रीती आहेत. पहिली आपल्या खातेवहीची. रुपयांचा रकाना ठरलेला, पैशांचा ठरलेला, मधली रेघ हलत नाही. ही रीत सरळ आहे, पण तिच्यात फार मोठी व फार लहान संख्या एकत्र नांदत नाही. दुसरी रीत जुने इंजिनियर जी गणनपट्टी, म्हणजे स्लाइड रूल, वापरीत तिची. पट्टीवर फक्त अंक वाचायचे. बिंदू कोठे द्यायचा ते मनात धरायचे. २.५, २५० आणि ०.००२५ या तिन्हींसाठी पट्टीवरची खूण एकच. अंक वेगळे आणि बिंदूची जागा वेगळी लिहायची, म्हणजे बिंदू पाण्यावरच्या भोपळ्यासारखा पुढेमागे सरकतो. हाच तरता बिंदू. तरुण मंडळी याला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. बत्तीस घरांपैकी एक अधिक-उण्याच्या चिन्हाला, आठ बिंदूच्या जागेला आणि उरलेली तेवीस अंकांना. पहिला अंक नेहमी एकच असल्याने तो न लिहिता गृहीत धरतात, म्हणजे अंकांना चोवीस घरांचे बळ मिळते. आपल्या दशमान भाषेत ही साधारण सात अंकांची शिदोरी झाली.

सात अंक पुष्कळ झाले असे वाटेल. पण शिदोरी ठरलेली असली की मोठ्या आकड्याला ती पुढेच खर्चावी लागते व बारकाव्याला काही उरत नाही. या यंत्रातील जवळजवळ निम्म्या संख्या उणे एक आणि अधिक एक यांच्या दरम्यान दाटीने राहतात. जसजसे दूर जावे तसतशी वस्ती विरळ होते. खेळातले अंतर मीटरमध्ये मोजले तर आरंभस्थानापासून एक किलोमीटरवर दोन शेजारी संख्यांत सुमारे ०.०६ मिलिमीटर अंतर असते. शंभर किलोमीटरवर ते सुमारे ८ मिलिमीटर होते, हजार किलोमीटरवर सव्वासहा सेंटिमीटर, आणि दहा हजार किलोमीटरवर चांगले एक मीटर. तेथे उभ्या असलेल्या माणसाला अर्धे पाऊल टाकताच येत नाही. टाकले तर तो जागच्या जागी राहतो, नाहीतर एकदम मीटरभर उडी मारतो.

म्हणून खेळातली जगे मोठी झाली तशी दूर गेलेल्या वस्तूंना हिव भरल्यासारखी थरथर सुटू लागली. २०११ साली लोकांपुढे आलेल्या कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अवकाशयानांच्या खेळात ही व्यथा फार गाजली. दूर गेलेली याने थरथरून आपोआप मोडत, आणि खेळणारे गमतीने म्हणत की क्रॅकन नावाच्या सागरी राक्षसाने यान गिळले. कर्त्यांनी उपाय काढला तो असा : यान शून्यापासून दूर जाऊ द्यायचे नाही. शून्य यानापाशी ठेवायचे आणि बाकीचे विश्व त्याच्याभोवती सरकवायचे. दुसरा उपाय घरे वाढवण्याचा. बत्तीसऐवजी चौसष्ट घरे घेतली की अंकांना त्रेपन्न घरांचे बळ येते, म्हणजे पंधरा-सोळा दशमान अंक. अन्रियल या प्रसिद्ध इंजिनाने २०२२ साली पाचव्या आवृत्तीत स्थानांचा हिशेब असा चौसष्ट घरांत नेला. अर्थात जास्त घरे म्हणजे जास्त जागा व जास्त काम. फुकट काहीच मिळत नाही.

दुसरी अडचण एक-दशांशाची. आपल्या वाडवडिलांना ती चटकन समजली असती, कारण ते आण्यांत हिशेब करीत. रुपयाचा अर्धा आठ आणे, पाव चार आणे, आठवा भाग दोन आणे, सोळावा एक आणा. यंत्राची विद्याही अशीच निमकी-पावकीची आहे. ते अर्धे, पाव, अर्धपाव असे निम्मेनिम्मे करीत जाते. आता रुपयाचा दहावा भाग आण्यांत सांगा पाहू! एक आणा होतो आणि वर सुमारे अडीच पैसे उरतात; नेमका कधीच बसत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा हीच गाठ उलट बाजूने पडली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वा पैशाचे नाणे नाही, म्हणून आण्याचे सहाच नवे पैसे धरले गेले. यंत्रातही ०.१ लिहिले की त्याच्या पोटात ०.१०००००००१४९ असे काहीसे बसते.

एवढ्याने काय बिघडते? समजा, खेळातला पाळणा दर टप्प्याला ०.१ मीटर वर चढतो आणि बरोबर एक मीटर झाला की थांब, अशी त्याला आज्ञा आहे. बत्तीस घरांच्या हिशेबात दहा वेळा ०.१ मिळवले की बेरीज १.०००००० न येता १.०००००१ च्याही अलीकडे, सुमारे १.००००००१ येते. ही संख्या एक नव्हे. पाळणा थांबत नाही. छत फोडून चालू लागतो. म्हणून जाणते लोक तरत्या अंकांत ‘बरोबर आहे का’ असे विचारीत नाहीत. ‘पुरेसे जवळ आहे का’, किंवा ‘ओलांडले का’, असे विचारतात. पुरेसे म्हणजे किती, हेही आकड्याच्या मानाने ठरवावे लागते. सोनाराच्या काट्याची फरकाची सूट लाकडाच्या वखारीत चालत नाही आणि वखारीची सोनाराकडे चालत नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची. खेळ सुरू झाल्यापासूनचे सेकंद एका बत्तीस घरी संख्येत साठवले आणि प्रत्येक चित्रागणिक सेकंदाचा साठावा भाग मिळवीत गेलो, तर काय होते ते आम्ही कागदावर मांडून पाहिले. १,३१,०७२ सेकंदांनंतर, म्हणजे सुमारे छत्तीस तासांनी, शेजारी संख्यांत सेकंदाचा चौसष्टावा भाग एवढे अंतर पडते. साठाव्याऐवजी चौसष्टावा भागच मिळवला जातो आणि घड्याळ मागे पडू लागते. तीन दिवसांनी अंतर बत्तिसावा भाग होते. साठावा भाग त्याच्या निम्म्याहून किंचित मोठा असल्याने वर ढकलला जातो, आणि घड्याळ जवळजवळ दुप्पट धावते. घड्याळात सहा दिवस भरले की अंतर सोळावा भाग होते. साठावा भाग त्याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणून तो शून्य धरला जातो. घड्याळ थांबते. यंत्र चालूच असते, वाढ रोज दिली जाते, पण खात्यावर जमा काहीच होत नाही. यावर उपाय साधा आहे : चित्रे पूर्णांकात मोजावीत आणि सेकंद हवे तेव्हा भागाकाराने काढावेत.

या तिसऱ्या गोष्टीतला धडा आम्हाला विशेष भावला. १,६७,७७,२१६ या संख्येत एक मिळवा. बत्तीस घरी यंत्रात उत्तर तेच राहते. पुन्हा एक मिळवा, तरी तेच. पण ते दोन एक आधी आपसात मिळवून मग मोठ्या संख्येकडे नेले, तर १,६७,७७,२१८ होतात. एकेकटा गेलेला हिशेबात धरला जात नाही. एकत्र गेलेले धरले जातात. कामगारांच्या सभेत आम्ही हे आयुष्यभर सांगत आलो, पण गणितात त्याचा असा दाखला असेल हे ठाऊक नव्हते. म्हणूनच बेरजेत लहान संख्या आधी व मोठी नंतर घ्यावी असे शिकवतात. विल्यम काहान या गणितज्ञाने १९६५ साली याहून चोख रीत मांडली : प्रत्येक बेरजेत जे तुटले ते वेगळ्या खात्यात टिपून ठेवायचे आणि पुढच्या बेरजेत परत मिळवायचे. तूट नाकारायची नाही आणि विसरायचीही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : तूट कोणत्या बाजूची? एका कारखान्यात, त्याच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही, हजेरीचे यंत्र पाव तासाने मोजीत असे. सात मिनिटे उशीर झाला की पंधरा मिनिटे कापली जात. चौदा मिनिटे अधिक काम केले की ती शून्य धरली जात. रोजची तूट क्षुल्लक दिसे. पण ती दर वेळी एकाच बाजूला पडे, म्हणून वर्षाअखेर तिची रास होई. जवळच्या पाव तासाकडे वळवा, म्हणजे कधी तुमचे जाईल, कधी आमचे, एवढीच आमची मागणी होती. कॅनडातील व्हँकूव्हरच्या शेअरबाजारात हेच घडले. जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झालेला निर्देशांक प्रत्येक व्यवहारानंतर तीन दशांश स्थळांवर छाटला जाई, पुढचे अंक फेकून दिले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो सुमारे ५२४ वर उतरला. नीट हिशेब केला तेव्हा खरा आकडा सुमारे १,०९८ निघाला.

याहून दारुण प्रकार सौदी अरेबियातील धाहरानचा. तेथील अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजीत असे. बिंदू तेथे तरता नसून स्थिर होता, पण एक-दशांश चोवीस घरांत बसवताना छाटलाच गेला. दर टिकेमागे चूक सेकंदाच्या सुमारे एक कोट्यंश भागाइतकी. यंत्र शंभर तास बंद न करता चालले, तेव्हा ती साचून सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. यंत्रणा ते चुकीच्या जागी शोधीत राहिली, आणि २५ फेब्रुवारी १९९१ रोजी बराकीवर पडून २८ सैनिक ठार झाले. सुधारलेली आज्ञावली तेथे पोचली ती दुसऱ्या दिवशी. खेळात पाळणा छत फोडतो तेव्हा आपण हसतो. गणित मात्र तेच असते.

पूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र तरत्या अंकांची मांडणी आपापल्या मर्जीने करी. एका यंत्रावरचे उत्तर दुसऱ्यावर येईलच असे नसे. १९८५ साली विद्युत व इलेक्ट्रॉनिक इंजिनियरांच्या अमेरिकेतील संस्थेने ७५४ क्रमांकाचे प्रमाण ठरवले. काहान यांचा त्यात मोठा वाटा होता. १९८९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या प्रमाणाचा नेहमीचा नियम असा की, संख्या जवळच्या शेजाऱ्याकडे वळवावी. ती नेमकी मध्यावर पडली, तर शेवटचा अंक सम असेल तिकडे वळवावी, म्हणजे मध्यावरच्या तुटी एकाच बाजूस साचत नाहीत. आमच्या दृष्टीने हा एक उत्तम सामुदायिक करार आहे. २००८ व २०१९ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

करार झाला तरी पहारा सुटत नाही. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्ससारख्या युद्धखेळांत प्रत्येक खेळाडूचे यंत्र सगळा हिशेब स्वतः करते. एकमेकांकडे फक्त आज्ञा जातात. अशा खेळात तरत्या अंकांची बेरीज एका यंत्राने एका क्रमाने केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर शेवटच्या घरात फरक पडतो. काही मिनिटांत तो वाढून एकाच्या पडद्यावर मेलेला धनुर्धर दुसऱ्याच्या पडद्यावर बाण सोडीत उभा असतो. म्हणून असे खेळ लिहिणारे पुष्कळजण महत्त्वाचा हिशेब पूर्णांकांतच करतात. पैशांच्या बाबतीतही हाच नियम शहाणपणाचा : रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी, तरत्या बिंदूवर सोडू नये.

आज मजुरी, व्याज, वीजबिल, मार्कांची टक्केवारी हे सारे यंत्र काढते, आणि ‘संगणकाने काढले आहे’ म्हटले की खिडकीपलीकडचा माणूस वाद संपला असे समजतो. तसे समजू देऊ नये. यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याच्याजवळ घरे मोजकी असतात आणि उरलेले कोठे टाकायचे हे कोणीतरी माणूसच ठरवतो. खेळ लिहिणाऱ्या तरुणाला हे रोज ठाऊक असते, कारण त्याची चूक पडद्यावर थरथरते. आपल्या कागदावरची चूक थरथरत नाही. म्हणून आपणच तीन प्रश्न विचारावेत : घरे किती ठेवली, छाटणी कोणत्या बाजूने केली, आणि तुटलेले कोणाच्या खात्यात गेले? उत्तर लेखी मागावे. आणि ते मागायला एकट्याने जाऊ नये.