अखंड ताण आणि विणकराचा माग

समोर संकट उभे राहिले, की शरीर तत्काळ सज्ज होते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात. नाडी जलद चालते, रक्तातील साखर वाढते. संकट टळताच सारे पूर्ववत होते. परंतु ते टळतच नसेल तर? हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाला १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, आघात दीर्घकाळ चालू राहिल्यास ही सज्जता अखेर ओसरते व प्राणी खचून जातो.

माणसाच्या बाबतीत असा आघात दृश्य असतोच असे नाही. वाराणसीच्या मदनपुरा, अलईपुरा या वस्त्यांतील विणकरांचे उदाहरण पाहावे. हातमागाचे काम पूर्वीही कष्टाचेच होते; परंतु माग केव्हा थांबवावा व मित्रांसह गंगेपार केव्हा जावे, हे विणकर पुष्कळ अंशी स्वतः ठरवीत असे. १९९१ नंतर यंत्रमागाची स्पर्धा तीव्र झाली. काम अनिश्चित झाले व मजुरी अपुरी पडू लागली. माग घरातच असल्याने रिकाम्या मागाची चिंता रात्रीही डोळ्यांपुढून हलत नाही. २००९ साली बनारसी साडीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. तथापि त्याने रोजच्या कामाची हमी मिळत नाही.

तात्पर्य, माणूस केवळ श्रमाने खचत नाही. आपल्या हाती काही उरले नाही, या जाणिवेने तो अधिक खचतो. म्हणून अशा माणसाला धीराच्या शब्दांइतकीच नियमित कामाची आणि वेळेवर मिळणाऱ्या मजुरीचीही गरज असते.