वडीएवढा अँटेना

टॅक्सीत किंवा बसमध्ये बसवलेला ट्रॅकर उघडला, की सर्किट बोर्डावर बहुधा सिरॅमिकची एक चौकोनी वडी दिसते. लांबी-रुंदी २५ मिलिमीटर, जाडी ४. वर चांदीचा पातळ थर, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे किंचित छाटलेले आणि मध्यापासून जरा बाजूला डाखाचा एक बारीक ठिपका. हा जीपीएसचा पॅच अँटेना, आणि त्यात शोभेचे काहीही नाही. उपग्रहाची लहर गोल फिरत येते. कोपरे छाटल्यामुळे थरात किंचित वेगळ्या वारंवारितेची दोन स्पंदने उभी राहतात आणि त्यांच्या जोडीने ती फिरती लहर पकडली जाते. ठिपका म्हणजे संकेत बाहेर नेणारी जोडणी. ती मधोमध नाही, कारण तिथे इम्पिडन्स शून्याजवळ असतो आणि कडेला फार चढतो. बाकीच्या सर्किटला जुळणारी ५० ओहमची जागा या दोहोंच्या दरम्यान शोधावी लागते.

चिपा लहान होत गेल्या, तसा अँटेनाही होत जाईल, असा एक भाबडा समज आहे. अँटेनाचे माप लहरीच्या लांबीशी बांधलेले असते, त्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक मिलिमीटरची किंमत कुठे ना कुठे चुकवावी लागते. जीपीएसची मुख्य वारंवारिता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर सुमारे १९ सेंटिमीटरची. पॅचला तिच्या निम्मी, साडेनऊ सेंटिमीटर लांबी हवी. सिरॅमिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २० धरला, तर ही लांबी त्याच्या वर्गमुळाइतकी, जवळजवळ साडेचार पट आक्रसून २.१ सेंटिमीटरवर येते. बदल्यात वारंवारितेची पट्टी अगदी अरुंद होते. पुरवठादाराने सात सेंटिमीटर चौरस बोर्डावर जुळवून दिलेली वडी लहान बोर्डावर बसवली किंवा वर प्लास्टिकचे झाकण टेकवले, की तिची वारंवारिता काही मेगाहर्ट्झ सरकते. आणि पट्टीच मुळात इतकी अरुंद, की तेवढे सरकणेही महागात पडते.

हा कारागिरीतला दोष नव्हे. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लॅन जेन चू यांनी १९४८ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली. लहरीच्या तुलनेत फार लहान अशा अँटेनाचा आकार निम्मा केला, तर मिळू शकणारी पट्टी साधारण आठव्या भागावर येते. पट्टी रुंद करायचे मार्ग आहेत. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि ‘समीर’ संस्थेचे के. पी. रे यांचे २००३ चे पुस्तक याच विषयावर आहे. पॅचखाली हवेची जाडी वाढवणे, शेजारी फट ठेवून आणखी पॅच मांडणे, एकावर एक थर रचणे हे त्यातले नेहमीचे उपाय. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की प्रत्येक उपायात जागा वाढते.

यावर कोणी म्हणेल, बाजारात तर तांदळाएवढे चिप अँटेना मिळतात आणि त्यांची मोजमापेही उत्तम असतात. पण त्यांच्या माहितीपत्रकातले आकृतीचे पान बघा. चिपभोवती तांबे काढून मोकळी जागा सोडायला सांगितलेली असते आणि पलीकडे लांब ग्राउंड लागतो. प्रसारणाचा मोठा भार तो बोर्डच उचलतो. मोबाइलमध्ये हेच काम धातूची चौकट करते. शिवाय परावर्तन कमी दिसले म्हणजे अँटेना चांगला, हेही खरे नाही. ५० ओहमचा डमी लोड जवळपास काहीच परत पाठवत नाही. सगळी शक्ती उष्णतेत घालवतो. कार्यक्षमता न छापता नुसती रुंद पट्टी मिरवणाऱ्या पत्रकावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. मेटामटेरियल वापरले किंवा संगणकावर हजारो आकार तपासले, तरी चूंची मर्यादा ओलांडली जात नाही, तिच्या जवळ जाता येते.

खरा आक्षेप एकच: लहरच लहान का करू नये? जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९५ च्या सुमारास नेमके हेच केले. पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींमुळे त्यांचे उपकरण टेबलावर मावले. ध्रुवीकरण तपासायला रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत धातूचे पत्रे घालून भागले. मात्र लहर आखूड झाली, की त्याच प्रकारच्या अँटेनाचे शक्ती गोळा करणारे क्षेत्रफळही तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मग असे अनेक अँटेना ओळीने मांडावे लागतात, आणि वाचलेली जागा पुन्हा खर्ची पडते.

शिवाय वारंवारिता निवडणे सहसा डिझाइनरच्या हाती नसतेच. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांनी आरंभी एल-५ आणि एस हे पट्टे वापरले. एल-५ ची वारंवारिता ११७६.४५ मेगाहर्ट्झ, लहर साडेपंचवीस सेंटिमीटरची. त्याच सिरॅमिकमध्ये तिला २.८५ सेंटिमीटर लागतात, म्हणजे २५ मिलिमीटरच्या वडीत ती मावत नाही. जीपीएस आणि एल-५ दोन्ही हवे असतील, तर दोन वड्या एकावर एक चढवाव्या लागतात, जाडी आणि खर्च वाढतो. ‘नाविक’ सामान्य माणसाच्या हाती उशिरा पोहोचला, त्याला अँटेना हे एकटेच कारण नव्हते. चिपा आणि बाजारही होते. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा एल-१ संकेत आला. रिसीव्हरला तो संकेत नव्याने शिकवावा लागतो, पण त्यासाठी बोर्डावर दुसरी वडी चढवावी लागत नाही.